मातृसेवा आणि मातृसहवास

आपल्या व्यापारी संघाची वार्षिक स्मरणिका हाती पडली, की आम्ही प्रथम तिची मागील पाने उघडतो. अहवाल व ताळेबंद यांचे महत्त्व आम्ही जाणतो. परंतु व्यापाऱ्याचे डोळे जाहिरातींकडे आधी वळतात, हे कबूल केलेले बरे. कोणाची पेढी वाढली, कोणी नवी शाखा काढली, कोणाचे चिरंजीव धंद्यात पडले, हे सर्व त्या पानांवरून समजते. याच पानांत आणखी एक मजकूर दरवर्षी आढळतो. काळी चौकट, तीत डोक्यावर पदर घेतलेल्या एका वृद्ध मातेचे छायाचित्र, वर ‘पुण्यस्मरणार्थ’ हे शब्द आणि खाली पुत्र, सुना, नातवंडे व पेढीच्या सर्व शाखा यांची नावे. मागील वर्षाच्या अंकातील अशा चौकटी आम्ही विशेष सावकाश पाहिल्या. कारण त्यांत एक चौकट आमच्या घरची होती.

त्या चौकटीकडे पाहत असता जो विचार मनात आला, तो सभासद बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्याने स्वतः चूक केली, त्याने ती उघड सांगावी आणि दुसऱ्यास सावध करावे, इतकाच अधिकार आम्ही घेत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपला समाज मातृसेवेत सहसा कमी पडत नाही. आईच्या औषधपाण्याला, तिच्या तीर्थयात्रेला, तिच्या व्रताच्या उद्यापनाला पैसा खर्च करताना आपल्यापैकी कोणी हात आखडता घेतल्याचे उदाहरण विरळाच. आपण कमी पडतो ते मातृसहवासात. सेवा पैशाने करवून घेता येते, सुनेवर सोपविता येते, परिचारिका नेमून होऊ शकते. सहवास मात्र ज्याचा त्यानेच द्यावा लागतो, आणि तो देताना जी वेळ खर्ची पडते, ती नेमकी दुकानाच्या वेळेतूनच काढावी लागते. म्हणूनच तो आपणांस महाग वाटतो. त्याची किंमत पुढे केव्हातरी सवडीने चुकती करू, अशा समजुतीने आपण ती उधार ठेवतो. ही उधारी बुडते, हा आमचा अनुभव आहे.

तो अनुभव आता सांगतो.

बेळगावात आमचे कापडाचे दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. वडील निवर्तल्यावर धंद्याचा भार आमच्यावर आला. काही वर्षांनी आम्ही दुसरे दुकान काढले आणि दोन्ही दुकानांची ये-जा करता करता दिवस पुरेनासा झाला. कापडाच्या धंद्याची सवय असलेल्यांस सांगावयास नको, की सायंकाळी पाच ते आठ हीच खरी विक्रीची वेळ. कचेऱ्या सुटतात, खेडोपाडीचे गिऱ्हाईक गाडी पकडण्यापूर्वी शेवटची खरेदी उरकते, बायकामंडळी घरचे काम आटोपून बाहेर पडतात. लग्नसराईत तर त्या तीन तासांत दिवसाच्या निम्म्याहून अधिक गल्ला जमतो. त्या वेळी मालकाने गादी सोडून उठणे म्हणजे धंद्याशी बेइमानी, असेच आम्ही मानत आलो.

नेमकी हीच वेळ जैन घरात सायंकाळच्या जेवणाची. रात्रिभोजनत्याग हा आपल्या घरांतील जुना नियम. काटेकोरपणे पाळणारे सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी, जेवण आटोपतात. डिसेंबरात बेळगावी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा पाच-सव्वापाचलाच पान मांडावे लागते. आमच्या मातोश्रींनी हा नियम जन्मभर सांभाळला. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. आम्ही स्वतः मात्र धंद्याच्या सबबीवर तो नियम केव्हाच शिथिल केला होता. रात्री नऊला घरी यावे, झाकून ठेवलेले जेवावे आणि हिशेबाची वही उशाशी घेऊन झोपावे, हा आमचा क्रम होता. मातोश्री तोपर्यंत आपल्या खोलीत जप करीत पडलेल्या असत. दारातून विचारावे, “आई, जेवलीस का?” आतून उत्तर यावे, “हो रे बाळ, केव्हाच.” आम्ही समाधानाने पुढे जात असू.

एके वर्षी त्या न्हाणीघरात घेरी येऊन पडल्या. डॉक्टरांनी तपासले. अशक्तपणा फार आहे, यांच्या जेवणाचे काय, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, जेवण व्यवस्थित आहे. तेव्हा आमच्या गृहिणी, ज्या आजवर मातोश्रींनी घातलेल्या शपथेमुळे गप्प होत्या, डॉक्टरांसमोर म्हणाल्या, “सायंकाळचे त्या गेली तीन वर्षे क्वचितच जेवतात. यांच्यासाठी थांबतात आणि सूर्य बुडाला की ताट उचलायला सांगतात.”

वडील हयात असताना ते सायंकाळी दुकानातून येत, आम्हीही येत असू, आणि सर्वांस वाढल्याशिवाय मातोश्री पानावर बसत नसत. तो त्यांचा व्रताचा नियम नव्हता, सवय होती. नवे दुकान झाल्यावर आमचे येणे थांबले, पण त्यांची सवय थांबली नाही. रोज पाचला दोन पाने मांडली जात. त्या खिडकीशी बसत. सुनेने आग्रह केला, तर दुपारचे अजून पचले नाही म्हणत. उन्हाळ्यात दिवस मोठा असल्याने त्यांची वाट पाहण्याची मुदत अधिक असे, हिवाळ्यात कमी; फरक तेवढाच. आणि रात्री आम्ही दारातून विचारले, की “केव्हाच” हे उत्तर तयार असे. त्यांच्या आयुष्यातील असत्य भाषण बहुधा हे एवढेच.

त्या प्रसंगानंतर आम्ही काय केले, हेही सांगितले पाहिजे. कारण आमच्या मते खरी चूक तेथेच झाली. आम्ही व्यापारी बुद्धीने व्यवस्था लावली. आमच्यासाठी थांबू नकोस, असे मातोश्रींस बजावले. त्यांच्या जेवणाकडे लक्ष देण्यास एक बाई नेमली. डॉक्टरांनी सांगितलेली शक्तिवर्धके आणली. मातोश्री “बरे” म्हणाल्या आणि एकट्या पानावर बसू लागल्या. महिन्याने त्यांचे वजन आणखी घटले. बाईने सांगितले, बसतात, दोन घास घेतात आणि उठतात. तेव्हा आमच्या ध्यानात आले, की आम्ही त्यांच्या जेवणाची सोय केली होती. त्यांना हवे होते ते जेवण नव्हते.

त्यानंतर आम्ही सायंकाळी पाचला गादीवरून उठू लागलो. पहिले काही दिवस हात धुऊन पानावर बसले तरी कान रस्त्याकडे असत. दुकानात काय चालले असेल, माणसे गिऱ्हाइकास नीट माल दाखवीत असतील की नाही, हीच चिंता. मातोश्रींच्या ते लक्षात येई. त्या विचारीत, “आज गल्ला किती झाला रे?” आकडा सांगितला की हसून म्हणत, “तुझ्या वडिलांना एवढा गल्ला महिन्यालाही होत नव्हता, पण ते जेवताना जेवत.” हळूहळू आम्हीही जेवताना जेवू लागलो.

त्या पानांवर आम्हांस जे ऐकावयास मिळाले, ते आमच्या कोणत्याही वहीत नव्हते. वडील सुरुवातीला खांद्यावर गठ्ठा टाकून संकेश्वर-हुक्केरीकडच्या आठवडा बाजारांना जात. पहिल्या मालासाठी पैसे नव्हते, तेव्हा मातोश्रींनी हातातील पाटल्या गहाण ठेवावयास दिल्या. ही हकीकत आम्ही पूर्वी कधीच ऐकली नव्हती. वडिलांची सर्वांत जुनी रोजकीर्द आम्ही माळ्यावरून काढून पाहिली. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत, जमेच्या बाजूस नोंद होती : ‘घरून जमा रु. ४००’. कोणाकडून, कशाचे, काही नाही. पुढे त्या पाटल्या सुटल्या की नाही, असे विचारता मातोश्री म्हणाल्या, “सुटल्या असत्या तर तुझ्या बहिणीच्या लग्नात तिला घातल्या नसत्या का?” ज्या भांडवलावर आमच्या दोन दुकानांची इमारत उभी आहे, त्याची परतफेड कोणत्याच वर्षाच्या ताळेबंदात झालेली नाही. आपल्यापैकी कितीजणांच्या मूळ वह्यांत अशी ‘घरून जमा’ची ओळ असेल, हे प्रत्येकाने आपापल्या माळ्यावर चढून पाहावे.

या क्रमास सात महिने झाले आणि मातोश्री गेल्या. आम्ही व्यापारी, मोजल्यावाचून राहवत नाही. बाहेरगावचे दिवस वजा जाता सुमारे दोनशे ताटे आम्हांस मिळाली. त्यापूर्वीची तीन वर्षे, म्हणजे हजारावर ताटे, उचलली गेली होती. त्या सात महिन्यांत सायंकाळच्या विक्रीत घट आली, हेही लपवून ठेवीत नाही. ती घट नंतरच्या वर्षी भरून निघाली नाही. आईची सेवा केली म्हणून धंद्यात बरकत आली, असे सांगणारे लेख आम्ही वाचले आहेत. आमचा अनुभव तसा नाही. आम्ही तोटा सोसला आणि तो तोटा सोसण्याजोगा होता, एवढेच आम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

आता काही सभासद म्हणतील, की ही भावनेची गोष्ट झाली. धंदा भावनेवर चालत नाही. स्पर्धा वाढली आहे. गिऱ्हाईक घरबसल्या मोबाईलवर माल मागवते. अशा काळी मालकाने पाचला उठावे, हा सल्ला कोण मानील? शिवाय आपण कष्टतो ते कुणासाठी? घरासाठीच ना?

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्याचे दुकान एकट्याच्या बळावर चालते, कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, त्याला आईजवळ बसण्याची फुरसत नसणे हे त्याचे पाप नव्हे. आणि त्याची आईदेखील ते जाणते. पण आमचा प्रश्न त्यांच्याकरिता आहे, ज्यांना एक दुकान पुरत होते आणि ज्यांनी दुसरे काढले. ज्यांना दोन पुरत होती आणि जे तिसऱ्याची जागा पाहत आहेत. आपल्या धर्माने श्रावकास परिग्रहपरिमाण हे अणुव्रत सांगितले आहे. संपत्तीला आपणहून मर्यादा घालावी, असा त्याचा अर्थ. आपण हे व्रत घेताना सोने, जमीन, घर यांची मोजदाद करतो. धंद्याने आपल्या दिवसाचे किती तास खावेत, याचेही परिमाण त्याच व्रतात का धरू नये? ‘घरासाठी कष्टतो’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी घरातील माणसांस आपल्याकडून काय हवे आहे, हे एकदा विचारून पाहावे. आम्ही तीन वर्षे विचारले नाही.

धर्मपरंपरेकडे पाहिले, तरी हाच बोध मिळतो. श्वेतांबर परंपरेच्या कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या गर्भावस्थेतील एक कथा आहे. दिगंबर परंपरेत ती आढळत नाही. तरी तिचा आशय दोन्हींकडील श्रावकांनी मनन करावा असा आहे. आपल्या हालचालीने मातेस पीडा होऊ नये म्हणून भगवंतांनी गर्भात निश्चल राहावयाचे ठरविले. परिणाम उलटा झाला. गर्भाची चाहूल थांबताच त्रिशलामाता अनिष्टाच्या शंकेने शोकाकुल झाल्या, राजवाड्यातील गाणेबजावणे थांबले. ते जाणून भगवंतांनी किंचित हालचाल केली आणि मातेचा जीव भांड्यात पडला. मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा घ्यावयाची नाही, असा संकल्प त्यांनी त्याच वेळी केला व तो पाळला, असे ती परंपरा सांगते.

या कथेवर आम्ही पुष्कळ विचार केला. मातेला त्रास होऊ नये म्हणून धरलेली ती निश्चलता ही सेवाच होती. परंतु मातेला त्रासातून सुटका नको होती. तिला चाहूल हवी होती. आपला मुलगा जवळ आहे, तो हलतो, बोलतो, प्रसंगी त्रासही देतो, यातच तिचे समाधान. आमच्यासाठी थांबू नकोस, असे मातोश्रींस बजावताना आम्हीही त्यांचा त्रासच वाचवीत होतो. आज ज्यांची मुले पुणे, बंगळूर किंवा अमेरिकेत आहेत आणि दर महिन्यास नियमाने पैसे पाठवितात, त्या घरांतील मातांचेही दुःख बहुधा हेच असेल. मोबाईलवर चेहरा दिसतो हे खरे, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही; पण त्या चेहऱ्याला ताटात वाढता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराज यांचा जन्म १८७२ सालचा. त्यांचे गाव चिकोडी भागातील भोज. तरुणपणीच त्यांस वैराग्याची ओढ लागली होती. तरीही आईवडील हयात असेतोपर्यंत त्यांनी घर सोडले नाही. घरच्या कापडाच्या दुकानात बसत, शेतीकडे पाहत, त्यांनी वाट पाहिली. मातापित्यांच्या पश्चातच त्यांनी दीक्षेचा मार्ग धरला. १९५५ साली कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला, तेव्हा साऱ्या भारतातील जैन समाजाचे डोळे तिकडे लागले होते. मोक्षमार्गावर निघालेला असा पुरुष आईवडिलांसाठी आपला वैराग्यकाल लांबवितो, आणि आपण सायंकाळचे तीन तास लांबवू शकत नाही! आपले काम त्यांच्या कामापेक्षा अधिक निकडीचे आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

तिसरे उदाहरण श्रवणबेळगोळचे. गोमटेश्वराची सुमारे ५७ फूट उंचीची मूर्ती चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंपरा असे सांगते, की त्याच्या मातेस, काललदेवीस, पोदनपूरच्या बाहुबलीच्या मूर्तीचे दर्शन घ्यावयाचे होते. चावुंडराय गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. मनात आणले असते तर त्याने आईसोबत पालखी, सैनिक आणि सेवक दिले असते व स्वतः राजधानीत राहिला असता. त्याने तसे केले नाही. तो स्वतः आईला घेऊन निघाला. वाटेत श्रवणबेळगोळ येथे दृष्टांत झाला आणि तेथेच मूर्ती घडली, अशी ही कथा. मूर्तीच्या पायथ्याशी चावुंडरायाचे नाव मराठीत कोरलेले आहे, आणि तो लेख मराठीच्या अत्यंत जुन्या शिलालेखांत गणला जातो, याचा आपणां मराठी जैनांस अभिमान वाटतो. त्या मराठी ओळीत काललदेवीचे नाव नाही. ते लोकांनी आपल्या स्मरणात जपले. आमच्या वडिलांच्या रोजकीर्दीतील नाव नसलेली ती ओळ पाहिली, तेव्हा आम्हांस तो शिलालेख आठवला.

याच कथेचा उत्तरार्ध अधिक सावध करणारा आहे. मूर्ती पूर्ण झाल्यावर चावुंडरायाने अभिषेक आरंभिला. घागरीमागून घागरी दूध ओतले, पण ते मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना. कारण आपण एवढे मोठे कार्य केले, असा अभिमान त्याच्या मनात शिरला होता. तेव्हा एक दरिद्री वृद्धा पोकळ केलेल्या लहानशा फळात चार घोट दूध घेऊन आली. तिच्या त्या दुधाने मूर्ती नखशिखांत न्हाली. तिला गुल्लकायज्जी म्हणतात, आणि तिची मूर्ती आजही गोमटेश्वरासमोर उभी आहे. आईसाठी आरंभिलेल्या कार्यातही पुत्राचा अभिमान कसा शिरतो, हे या कथेइतके स्पष्ट क्वचितच कोणी सांगितले असेल.

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या धर्मशाळा, प्रवचनमंडप, दवाखाने, बोर्डिंगे यांच्या भिंतींवर मातोश्रींच्या स्मरणार्थ बसविलेल्या संगमरवरी पाट्या पुष्कळ आहेत. त्या दानांतून लोकोपयोगी कामे झाली; गरीब विद्यार्थी शिकले, यात्रेकरूंस निवारा मिळाला. अशा दानास आमचा विरोध नाही. आम्ही स्वतःही दिले आहे. परंतु पाटीवर आईचे नाव एका ओळीत आणि मुलांची नावे चार ओळींत, हे पाहिले म्हणजे चावुंडरायाच्या घागरी आठवतात. दान जरूर करावे. ते तिच्या हयातीत, तिला विचारून, तिच्या हातून करवावे, आणि त्या दिवशी तिच्याजवळ बसावे. नंतरची पाटी मुलांच्या समाधानाकरिता असते. पाटी बसविताना आमच्याही मनास समाधान झाले होते. ते समाधान कशाचे होते, हे आज विचारू नका.

सरकारनेही या बाबतीत कायदा केला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यानुसार उपेक्षित मातापित्यांस न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि मुलांनी महिन्यास १०,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत निर्वाहाची रक्कम देण्याचा हुकूम होऊ शकतो. असा कायदा करावा लागला, ही लाजेची गोष्ट असली, तरी ज्या मातांस दोन घास मिळत नाहीत त्यांच्यासाठी तो आवश्यकच आहे. आपल्या समाजातील बहुतेकांस त्याचे भय नाही. पण कायदा रक्कम ठरवू शकतो. रोज अर्धा तास पानावर येऊन बसा, असा हुकूम कोणतेही न्यायाधिकरण देऊ शकत नाही. तो हुकूम ज्याने त्याने स्वतःस द्यावयाचा असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भगिनींच्या वतीने सांगितली पाहिजे. मातृभक्तीचा गौरव आपण पुरुष करतो आणि तिचा भार मात्र पत्नीवर टाकतो. आमच्या घरी तीन वर्षे मातोश्रींचे उपाशी राहणे पाहण्याचे व शपथेमुळे गप्प राहण्याचे दुःख आमच्या गृहिणींनी सोसले. डॉक्टरांसमोर त्या बोलल्या नसत्या, तर आम्हांस हे कळलेही नसते. सून कितीही प्रेमळ असली, तरी ती मुलाची उणीव भरून काढू शकत नाही, आणि तिने ती भरून काढावी अशी अपेक्षा ठेवणे हा तिच्यावरही अन्याय आहे. तिचीही आई कोठेतरी खिडकीशी बसलेली असते. तिला माहेरी चार दिवस अधिक राहता यावे म्हणून आपण आपली गैरसोय कितीदा सोसली, याचाही हिशेब या निमित्ताने घ्यावा.

मग काय करावे? मोठे संकल्प आम्ही सुचवीत नाही. मोठे संकल्प वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात संमत होतात आणि तेथेच राहतात. दिवसातील एक जेवण, जमल्यास सायंकाळचे, आईच्या पानाशेजारी घ्यावे. रोज जमत नसेल, तर बाजार ज्या दिवशी बंद असतो, तो दिवस तरी येणीजाणी व वसुली यांत घालवू नये. तिला देवदर्शनास गाडी व चालक देऊन पाठविण्याऐवजी कधीतरी स्वतः न्यावे. आमच्या मातोश्रींस किल्ल्यातील कमल बस्तीचे दर्शन घ्यावयाचे होते. १२०४ साली बांधलेली ही बस्ती आमच्या घरापासून काही मैलांवर. ‘या रविवारी जाऊ’ असे आम्ही किती रविवार म्हणालो, त्याची गणती नाही. शेवटी गेलो, तेव्हा त्यांना पायऱ्या चढवेनात. हात धरून चढविले. छतावरील दगडी कमळाखाली उभ्या राहून त्या बराच वेळ वर पाहत होत्या. आणि धंद्याच्या जुन्या गोष्टी तिला विचाराव्यात. आपल्या पेढीचा खरा इतिहास वह्यांपेक्षा तिच्याजवळ अधिक असतो, आणि तो विचारणारा कोणी नसतो.

संघास आमची एकच विनंती आहे. बाजाराच्या बंद होण्याच्या वेळेचा प्रश्न आजवर आपण कामगार कायदा आणि विक्री या दोनच दृष्टींनी चर्चिला. निदान चातुर्मासात सभासदांनी सायंकाळी एक तास परस्परसंमतीने दुकाने बंद ठेवावीत काय, याचा विचार कार्यकारी मंडळाने करावा. एकट्याने उठले की शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक जाते, ही खरी अडचण आहे. सर्व मिळून उठले तर ती राहत नाही. पूर्वीच्या व्यापाऱ्यांनी भाव, वजन आणि हुंडी यांबाबत आपसांत शब्द पाळले. एका तासाचा शब्द आपणांस पाळता येऊ नये असे नाही.

ज्यांच्या माता हयात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आमच्या घरी सायंकाळी पाचला आजही पाने मांडली जातात. गादीवरून उठण्याची सवय आम्ही सोडलेली नाही. आता खिडकीशी आमच्या गृहिणी असतात, आणि अभ्यासाच्या सबबीवर उशीर करणाऱ्या नातवास हाक मारतात. दिवाळीस नव्या वह्यांचे पूजन करताना पहिल्या पानावर आम्ही दरवर्षी ‘घरून जमा’ ही ओळ लिहितो, आणि तिच्यासमोर आता मातोश्रींचे नाव घालतो. रकमेची जागा मोकळी ठेवतो.